रस्त्याच्या पातळीला सपाट: पाच गुंठ्यांच्या उतारावरील खोदकामाचे एक प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत, डोंबिवलीला नोकरी करणाऱ्या एका शिक्षक दाम्पत्याने निवृत्तीनंतरच्या घरासाठी पाच गुंठे जागा घेतली होती. जागा उताराची होती, बांधकामाची परवानगी मिळालेली होती, घराचा नकाशाही तयार होता. पावसाळ्यापूर्वी जमीन सपाट करून ठेवावी आणि दिवाळीनंतर पाया घ्यावा असा त्यांचा बेत होता. खोदकामासाठी त्यांनी शेजारच्या वाडीतील एका जेसीबीमालकाला (पुढे ज्याला ठेकेदार म्हटले आहे तो हाच) तासाच्या बोलीवर काम दिले आणि देखरेख गावातच राहणाऱ्या मामांवर सोपवली. एप्रिलच्या अखेरीस काम अर्धवट असताना तीन तक्रारी एकदम उभ्या राहिल्या. तासांच्या हिशेबावरून जमीनमालक आणि ठेकेदार यांच्यात वाद झाला, खालच्या अंगाच्या काजूबागेच्या मालकाने आपला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गाडला गेल्याची तक्रार केली, आणि विनापरवाना मुरूम बाहेर गेल्याची खबर तलाठ्यापर्यंत पोहोचली. याच टप्प्यावर मोजमाप करून तोडगा सुचवण्यासाठी स्थापत्य अभियंता या नात्याने मला बोलावण्यात आले. संबंधितांच्या संमतीने, पण कोणाचेही नाव न देता, हे प्रकरण येथे मांडतो आहे, कारण यातील कोणीही लबाड नव्हते आणि तरीही सर्वांचे नुकसान झाले.

जागेची मापे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यातूनच उगवलेला आहे. जागा आडवी २० मीटर आणि उताराच्या दिशेने २५ मीटर होती. उतार साधारण १:७, म्हणजे सात मीटर चालत गेल्यावर एक मीटर चढ. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, त्या मर्यादेच्या आत ही जागा बसत होती. खालच्या कडेला गावचा रस्ता एका कोपऱ्याशी येऊन मिळत होता, आणि उरलेल्या खालच्या कडेने एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहत होता, जो जूनपर्यंत कोरडा असल्यामुळे खोदणाऱ्याच्या नजरेत भरलाच नाही. वरच्या थरात वीतभर माती, त्याखाली जांभा, आणि जांभ्याखाली पांढरट-गुलाबी चिकण माती, अशी जमिनीची रचना होती. कोकणात ही रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. वरचा जांभा कडक असल्यामुळे जमीन भक्कम आहे असा समज होतो, पण खालची चिकण माती पाणी प्यायली की निसरडी होते आणि वरच्या कातळाचा आधारच सुटतो.

काम कसे ठरले

दाम्पत्याने दोघांकडे चौकशी केली होती. तालुक्याच्या गावातील दुसऱ्या एका ठेकेदाराने उक्ते काम, म्हणजे पूर्ण कामाला एकच ठरलेली रक्कम, घेण्याची तयारी दाखवली, पण त्याआधी जागेच्या पातळ्या घेतलेला नकाशा आणि अंतिम पातळी लिहून द्या, अशी मागणी केली. त्याचा आकडा मोठा वाटला आणि नकाशाची मागणी कटकटीची वाटली. शेजारच्या वाडीतील जेसीबीमालक ओळखीचा होता, त्याने तासाला १,२०० रुपये आणि कातळ फोडायचा ब्रेकर लागल्यास त्याच्या साधारण दुप्पट दर सांगितला आणि दोन-तीन दिवसांत काम उरकेल असा अंदाज दिला. हा अंदाज त्याने जागेवर उभे राहून, मनापासून दिला होता. मात्र कशाचा अंदाज, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मामांनी त्याला दिलेली सूचना एका वाक्याची होती: “दादा, रस्त्याला लावून सपाट करा, गाडी दारापर्यंत आली पाहिजे.”

ही इच्छा अगदी रास्त होती, वृद्धापकाळासाठी घर बांधणाऱ्याला गाडी दारात यावीशी वाटणारच. परंतु त्या वाक्याने घराच्या ओट्याची पातळी ठरून गेली, आणि पातळी हाच खोदकामातला सर्वांत महागडा निर्णय असतो. १८ मीटर रुंद आणि २० मीटर लांब असा सपाट भाग हवा होता. २० मीटरांत चढ २.८६ मीटर. सपाटी खालच्या कडेच्या पातळीला ठेवली, तर मागच्या अंगाला २.८६ मीटर उंच कडा निघतो आणि एकूण खोदाई सुमारे ५१५ घनमीटर, म्हणजे १८२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. तीच सपाटी चढाच्या मध्यावर ठेवली असती, तर मागचा अर्धा भाग खोदून निघालेले मटेरियल पुढच्या अर्ध्या भागात भरता आले असते. तेव्हा खोदाई सुमारे १२९ घनमीटर, म्हणजे ४५ ब्रास झाली असती आणि बाहेर काहीच न्यावे लागले नसते. खोदाईचा छेद त्रिकोणी असल्यामुळे उंची निम्मी झाली की लांबीही निम्मी होते, आणि म्हणून खोदाई चौथाईवर येते. गाडीसाठी रस्त्यापासून दीड मीटरच्या आतबाहेर चढ घेणारा एक उतार काढावा लागला असता आणि पुढच्या कडेला भराव अडवणारी भिंत बांधावी लागली असती, हे खरे. तरीही मागे एक आणि पुढे एक अशा १.४३ मीटरच्या दोन भिंती या २.८६ मीटरच्या एका भिंतीपेक्षा कितीतरी सोप्या असतात. मातीचा दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंत उलटवू पाहणारा जोर घनाच्या प्रमाणात, त्यामुळे निम्म्या उंचीच्या भिंतीवर तो जोर आठव्या हिश्श्याइतकाच राहतो.

तासाच्या बोलीवर आलेल्या जेसीबीमालकाने हा हिशेब का मांडला नाही, असा प्रश्न दाम्पत्याने मला विचारला. माझ्या मते तो प्रश्न त्याच्यावर अन्याय करणारा आहे. तासावर यंत्र देणारा माणूस यंत्र, चालक आणि डिझेल पुरवतो. कुठवर खणायचे हे सांगण्याची जबाबदारी यंत्र भाड्याने घेणाऱ्याची असते. उक्त्या कामात जमिनीखाली काय निघेल याची जोखीम ठेकेदार उचलतो आणि म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो. तासाच्या कामात ती सगळी जोखीम जमीनमालकाकडे येते, आणि ती उचलायची असेल तर निदान पातळी, सीमा आणि मटेरियल टाकायची जागा एवढे तरी त्याच्या हातात लिहिलेले हवे. येथे मालक डोंबिवलीला होते, मामांना नकाशा वाचण्याची सवय नव्हती, आणि ज्याने नकाशा मागितला होता त्याला त्यांनी आधीच नाकारले होते.

मोजमाप आणि हिशेब

मी पोहोचलो तेव्हा यंत्र थांबलेले होते. खालच्या कडेपासून सुरुवात करून रस्त्याच्या पातळीने आत सरकत सरकत १५.३ मीटरपर्यंत सपाटी झाली होती आणि समोर सुमारे २.२ मीटर उंचीचा जवळजवळ उभा कडा होता. कड्याच्या तळाशी हातभर जाडीचा चिकण मातीचा पट्टा उघडा पडलेला होता. खोदण्यापूर्वीच्या पातळ्या कोणी घेतल्या नव्हत्या, त्यामुळे मूळ जमीन कशी होती हे शोधणे हेच पहिले काम झाले. सुदैवाने दोन्ही बाजूंना मीटर-मीटरची पट्टी न खणता राहिली होती. तिच्यावर पातळ्या घेऊन, दोन्ही पट्ट्यांमधील जमीन सरळ होती असे गृहीत धरून खोदाई काढली, ती सुमारे ३०० घनमीटर, म्हणजे १०६ ब्रास भरली. हा मार्ग मामा आणि ठेकेदार या दोघांसमोर समजावून सांगितला आणि दोघांनी तो मान्य केला, कारण पट्ट्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

ठेकेदाराच्या वहीत मात्र टिपरच्या ५५ खेपा, प्रत्येकी २ ब्रास, असे ११० ब्रास नुसते बाहेर नेलेले दिसत होते. शिवाय खालच्या कडेला, पऱ्यात आणि गडग्यावर ढकललेला ढीग होताच. खड्डा १०६ ब्रासचा असताना ११० ब्रास बाहेर गेले आणि वर ढीगही उरला, हे ऐकून दाम्पत्याला आपली फसवणूक झाल्याची खात्री पटली. येथे मला थोडे थांबून समजवावे लागले. जमिनीत घट्ट बसलेली माती किंवा मुरूम सुटा झाला की फुगतो, साध्या मातीत आणि मुरमात ही वाढ २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असते आणि फोडलेल्या कातळात त्याहून पुष्कळ जास्त. ढीग मोजून, फुगवटा वजा केल्यावर, तो मूळ जमिनीतील सुमारे ६० घनमीटरांचा ठरला. म्हणजे बाहेर गेलेले मटेरियल खड्ड्याच्या मापाने २४० घनमीटर, ८५ ब्रास. त्याला ३० टक्के फुगवटा धरला की ११० ब्रास होतात. वही खरी होती आणि खड्डाही खरा होता. एकाचे माप सुटे होते, दुसऱ्याचे घट्ट. ब्रासवर दर ठरवताना तो खड्ड्यातील मापाचा की गाडीतील मापाचा हे न लिहिल्यामुळे दोन प्रामाणिक माणसे एकमेकांना चोर म्हणू लागल्याचे मी इतरत्रही पाहिले आहे.

तासांचा वाद मात्र इतका स्वच्छ सुटला नाही. ठेकेदाराची वही ५२ तास सांगत होती, मामांची ४५. यंत्रावर तासमापक होता, पण रोज सकाळी आणि संध्याकाळी त्याचा आकडा कोणी टिपला नव्हता. चौकशीत असे दिसले की, यंत्र रोज दुसऱ्या वाडीतून रस्त्याने चालवत आणले जात होते आणि टिपर परत येईपर्यंत इंजिन चालू ठेवून ते उभे राहत होते. हा वेळ एकाने धरला होता, दुसऱ्याने नाही. शिवाय ठेकेदाराची स्वतःची तक्रार होती आणि ती खरी होती: अडचण आली की मामा डोंबिवलीला फोन करत, शाळेच्या वेळेत तो उचलला जात नसे, आणि यंत्र थांबून राही. इंजिन बंद केले तर तास मोजला जात नाही, पण चालकाचा पगार आणि यंत्राचा हप्ता चालूच असतो, म्हणूनच बहुतेक यंत्रमालक दिवसाला किमान काही तासांचे भाडे मागतात. ती अटही येथे बोलली गेली नव्हती. अखेर टिपरसाठी थांबलेला वेळ पूर्ण आणि रस्त्यावरचा वेळ निम्मा धरून आकडा ठरला. हा तोडगा हिशेबापेक्षा समजुतीवर उभा होता हे मी नाकारत नाही.

बाहेर गेलेला मुरूम

पैशांच्या दृष्टीने सर्वांत जड गेली ती ही बाजू, आणि तिची कल्पना दोन्ही पक्षांना सर्वांत कमी होती. आपल्या जागेतली माती आपलीच, ती कुणाला दिली तर काय बिघडले, अशी सर्वसाधारण समजूत असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार गौण खनिजाचे (वाळू, दगड यांसारख्या खनिजाचे) विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक केल्यास त्याच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहने व यंत्रे जप्त करता येतात. मुरूम हे गौण खनिज आहे. साध्या मातीबद्दल पूर्वी वाद होता. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असे म्हटले की, पाया खोदताना निघालेली माती कशासाठी वापरली गेली हे पाहिल्याशिवाय ती गौण खनिज ठरवून दंड लावता येणार नाही. त्यानंतर राज्याच्या गौण खनिज नियमांतही अशी तरतूद आली की, भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी किंवा विकासाच्या कामासाठी वापरल्यास तिच्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यावे लागत नाही. येथला कळीचा मुद्दा ‘त्याच भूखंडावर’ हा आहे. गाडी फाटकाबाहेर पडली की वाहतूक परवाना लागतो आणि रॉयल्टी लागते, मग मुरूम विकलेला असो वा शेजाऱ्याला फुकट दिलेला असो.

ठेकेदाराने तो मुरूम एका ओळखीच्याच्या जागेत भरावासाठी टाकला होता. वाहतुकीचा खर्च त्या माणसाने सोसला, त्यामुळे दाम्पत्याला गाड्यांचे भाडे पडले नाही आणि सगळ्यांनाच हा व्यवहार सोयीचा वाटला. पंचनामा झाला, नोटीस मात्र सातबारावर नाव असलेल्या जमीनमालकाच्या नावाने निघाली. परवाना कोणी काढायचा हे ठरलेलेच नसल्यामुळे, स्वामित्वधन आणि दंडाची रक्कम शेवटी मालक आणि ठेकेदार यांनी निम्मी-निम्मी भरली. माझ्या मते हा वाटा ठेकेदाराने अधिक उचलायला हवा होता, कारण गाड्या भरून कुठे न्यायच्या हे त्याने ठरवले होते आणि त्याचा धंदाच तो होता. परंतु लिखित करार नसताना माझ्या मताला नैतिक वजनापलीकडे किंमत नव्हती.

थांबण्याचा निर्णय आणि नवा करार

दाम्पत्याची पहिली प्रतिक्रिया होती की इतके झालेच आहे, तर उरलेले पावणेपाच मीटरही पूर्ण करून घ्यावेत. त्यांना वाटत होते की तीन चतुर्थांश काम झाले आहे. प्रत्यक्षात आत जाल तसा कडा वाढत असल्यामुळे त्या शेवटच्या पावणेपाच मीटरांतच २१५ घनमीटर, म्हणजे एकूण खोदाईच्या ४२ टक्के काम शिल्लक होते, आणि तेही ब्रेकरच्या दराचे. शिवाय कडा २.२ वरून २.८६ मीटरवर गेला असता, तर भिंत उलटवणारा जोर सव्वादोनपट झाला असता. झालेल्या सपाटीत १२ बाय ९ मीटरचे घर बसत होते, मागे अडीच मीटर गटारासाठी व फिरण्यासाठी राहत होते आणि पुढे पावणेचार मीटरांचे अंगण उरत होते. म्हणून तिथेच थांबण्याचा सल्ला दिला आणि नकाशात घर पुढेमागे सरकवून घेतले.

बाकीचे काम त्याच ठेकेदाराकडून करून घ्यावे, असाही सल्ला मी दिला, आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली. तालुक्याहून नवीन यंत्र आणायचे तर ने-आण वेगळी पडली असती. पाऊस रत्नागिरीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, आणि या माणसाला आता जागेचा थर न् थर ठाऊक होता. त्याचा चालकही हाताचा स्थिर होता, कड्याची घासलेली बाजू पाहिली तर ते दिसत होते. फरक एवढाच की या वेळी दोन पाने लिहिली गेली. जवळच्या मोरीच्या कठड्यावर रंगाने खूण करून तिच्यापासून सगळ्या पातळ्या लिहिल्या. माती व मुरूम, बकेटने निघणारा जांभा आणि ब्रेकर लागणारा जांभा असे तीन दर खड्ड्यातील मापाने ठरले, आणि कोणता थर कोणत्या वर्गात हे मामा आणि चालक यांनी त्याच दिवशी दोघांच्या सहीने वहीत लिहायचे असे ठरले. मोजता न येण्याजोग्या फुटकळ कामासाठी तास, पण तासमापकाच्या आकड्याचे सकाळ-संध्याकाळ छायाचित्र घेऊन. परवान्याविना एकही गाडी बाहेर जाणार नाही. डिझेलसाठी उचल आधी मिळेल, आणि बिलाचे दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर मिळतील. ठेकेदाराने सगळ्यात आनंदाने उचलीची अट स्वीकारली आणि सगळ्यात नाखुशीने शेवटची.

कामाचा क्रमही बदलला. सर्वांत आधी पऱ्या मोकळा केला, कारण तो तुंबला असता तर पहिल्याच मोठ्या सरीला पाणी काजूबागेत शिरले असते. मग कड्याच्या वर, कडेपासून दोन मीटर मागे, डोंगराचे पाणी अडवून बाजूला नेणारा चर काढला. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तिथे उताराला कापल्यावर वरून येणाऱ्या पाण्याला वाट देणे हे भिंतीच्याही आधीचे काम आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा राज्यभर झाली. एका घराची जागा आणि डोंगराचा एवढा मोठा उतार यांची तुलना होत नाही, पण कापलेला उतार आणि मुरलेले पाणी यांचे नाते दोन्हीकडे तेच असते.

मे महिन्यात कड्याला जांभ्याच्या दगडाची भिंत घेतली, तळाला उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद, मागे खडीचा थर आणि पाणी बाहेर पडायला दीड-दीड मीटरवर नळ्या. भिंतीचा पाया चिकण मातीच्या पट्ट्याखाली उतरवला. खोदकामाच्या सुरक्षेसाठीच्या भारतीय मानक संहितेत, आय.एस. ३७६४ मध्ये, मातीतील दीड मीटरपेक्षा खोल चर आधाराशिवाय ठेवू नयेत असे सांगितले आहे. म्हणून येथे पायाचे काम तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, घेतले, जेणेकरून मजुराचा जीव धोक्यात जाणार नाही. दोन्ही बाजूंना सीमेलगत उतरत्या उंचीच्या भिंती घ्याव्या लागल्या. शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो काढून घेता येत नाही, हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये स्पष्ट आहे. या भिंतींचा खर्च आधी कोणी धरलाच नव्हता. पूर्ण रुंदी खणली नसती, तर त्या लागल्याही नसत्या.

पऱ्यातून काढलेला ढीग तसाच बाहेर न टाकता चिकण माती वेगळी काढून बाकीचा मुरूम जोत्याच्या भरावासाठी राखून ठेवला. दिवाळीनंतर जोते बांधून झाल्यावर तो वीतभर जाडीच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मस करून (ठोकून दाबून) भरला, आणि घराच्या आतील भराव जवळजवळ त्यातच भागला. जो मुरूम परवान्याविना बाहेर गेला, तो गेला नसता, तर अंगणही त्याच मुरमाने भरून निघाले असते. ते भरायला मात्र परवान्यासह बाहेरून मुरूम आणावा लागला.

ऑक्टोबरमध्ये मामा, ठेकेदार आणि मी अशी तिघांनी पाहणी केली. भिंत जागेवर होती, वरचा चर एका ठिकाणी गाळाने भरला होता, दोन नळ्या बंद पडल्या होत्या. ठेकेदाराने त्याच दिवशी चर साफ करून दिला, नळ्या गवंड्याने उघडल्या, आणि राखून ठेवलेले दहा टक्के त्याला पूर्ण देण्यात आले. काजूबागेचा गाडला गेलेला गडगा बांधून देण्याचे दाम्पत्याने कबूल केले होते, पण त्याआधी दोन्ही जमिनींची सरकारी मोजणी करून हद्द कायम करावी असा आग्रह बागेच्या मालकाने धरला. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दोघांच्या सहीने दाखल झाला आहे आणि गडग्याचे दगड तोपर्यंत सीमेच्या पट्टीवर रचून ठेवलेले आहेत.